पाटीवरचे आडनाव आणि पावतीवरचे नाव




डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर बीड जिल्ह्याच्या पोलीस दलावरील लोकांचा विश्वास किती ढळला होता, हे मस्साजोगशेजारच्या धारूर तालुक्यात राहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच पुढच्या वर्षाच्या आरंभी जिल्हा पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी अंमलदारांच्या छातीवरील पाटीतून आडनाव वगळण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो आम्हांस समयोचित वाटला. आपल्याकडे आडनाव वाचले की जात वाचली जाते आणि जात वाचली की निवाडाही मनातल्या मनात लागून जातो, हे त्या हुकमाने निदान कबूल तरी केले. परंतु झाकले गेले ते अंमलदाराचे आडनाव. रस्त्यावर अडविलेल्या इसमाचे आडनाव, त्याची ओळख आणि ‘साहेबांशी बोला’ म्हणत त्याने पुढे केलेला मोबाईल ही सर्व उघडीच राहिली.

ही ओळख काय करते, ते रस्त्यावरच दिसते. गळिताच्या हंगामात तिन्हीसांजेला धारूरचा घाट जो कोणी उतरला असेल, त्यास अरुंद वळणावर मागचा दिवा नसलेल्या, उसाने दुतर्फा फुगलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांमागून जीव मुठीत धरून जाणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वर दर जादा टनामागे 2,000 रुपये दंड ठरविला; तरी पावती फाटताना दिसते ती बहुधा बाजारास निघालेल्या, शिरस्त्राण नसलेल्या दुचाकीस्वाराचीच. मनुष्यबळ अपुरे आहे, ही सबब येथे टिकत नाही, कारण प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदलेलेच असते. (दंड बिचाऱ्या ट्रॅक्टरचालकाच्या माथी मारावा, असे मात्र माझे म्हणणे नाही, त्याला भाड्याने लावणाऱ्यास विचारावे.)

याहून महत्त्वाचे याच कायद्याचे कलम 210-ब आहे. कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे सोपविली, त्यांनीच तो मोडल्यास त्यांना दुप्पट दंड व्हावा, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. गणवेशातील मनुष्य उघड्या डोक्याने दुचाकीवरून जाताना आम्ही पाहतो, आणि त्याच दिवशी त्याच रस्त्यावर दंड भरून घरी परततो. मग दंडाची रक्कम रास्त असली तरी ती दंड न वाटता खंडणी वाटू लागते, आणि या भावनेस कोणत्याही पाटीने उतारा मिळणार नाही.

तरी अधीक्षक महोदयांस विनंती अशी की, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर तीन आकडे लिहिले जावेत: दुचाकीस्वारांच्या पावत्या किती, जादा भाराच्या किती आणि कलम 210-ब खालील किती. तिसऱ्या रकान्यात शून्य असेल तर शून्यच लिहावे.

आपला,
एक वाचक
किल्ले धारूर, जि. बीड