आद्य ख्रिस्ती कोण होते?

ख्रिस्ती धर्माच्या आद्य अनुयायांविषयीं आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. एक मिशनऱ्यांच्या अहवालांनीं पसरविलेली, कीं जे आले ते केवळ सत्याच्या तळमळीनें आले. दुसरी आमच्या सनातनी बांधवांची, कीं जे गेले ते पोटासाठीं गेले. पुरावा पाहिल्यावांचून निकाल देण्याची वकिली पेशाच्या माणसास संवय नसते. म्हणून दोन्ही पक्षांचे कागद तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम मूळचे अनुयायी घ्या. शिमोन व आंद्रिया हे गालील सरोवरावरचे कोळी; मत्तय जकातीच्या चौकीवरचा, म्हणून लोकनिंदेस पात्र झालेला; लुदिया जांभळीं वस्त्रें विकणारी; अनेसिम तर गुलाम. पौल तंबू करणारा, परंतु रोमचा नागरिक. आपला न्याय कैसरापुढें व्हावा हा हक्क त्यानें ज्या ठामपणें मागितला, तो पाहून कोणत्याही वकिलानें मान डोलवावी. सन ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी यानें बादशहा त्राजानास कळविलें कीं, या पंथांत सर्व वयांचे व सर्व दर्जांचे स्त्रीपुरुष आहेत. अधिक माहिती काढण्यासाठीं त्यानें दोन दासींचा छळ केला. त्यांचीं नांवें लिहून ठेवण्याचें मात्र त्यास कारण वाटलें नाहीं.

महाराष्ट्रांतही ज्यांस लिहितां येत होतें त्यांचींच नांवें राहिलीं. नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ सालीं ख्रिस्ती झाले. कासार जातीचे बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला, व तीन वर्षांनीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचें दुःख वेशीवर टांगलें. नारायण वामन टिळक यांस तर बायबल मिळालें तें आमच्याच बाजूस, नागपूर-राजनांदगांवच्या आगगाडींत. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंशीं कांहीं वर्षें ताटातूट सोसली. या मंडळींनीं पोटासाठीं धर्म सोडला असें म्हणणाऱ्यानें, त्यांनीं काय गमावलें याचीही यादी द्यावी. १८५० चा एकविसावा कायदा होईपर्यंत धर्मांतर करणाराचा वडिलार्जित मिळकतीवरील हक्कही सुरक्षित नव्हता. आणि परत येणाराचें आम्हीं स्वागत केलें काय? १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि या मुलाचा ताबा न्यायालयानें बापाकडे दिला. त्यास शुद्ध करून घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातन्यांनीं त्यांच्याविरुद्धच काहूर उठविलें!

आतां चांद्याकडे वळूं. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्टीफन हिस्लॉप यांनीं गोंडांचीं गीतें टिपून घेतलीं. तीं त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं छापलीं गेलीं. चांद्यास स्कॉटिश एपिस्कोपल मिशन आलें. तेथें काम केलेले अलेक्स वुड पुढें १९२६ सालीं नागपूरचे बिशप झाले. साहेबांचीं नांवें अशीं सांपडतात. ज्या गांवकऱ्यांनीं प्रथम डोक्यावर पाणी घेतलें, त्यांचा इतिहास म्हणजे चर्चच्या नोंदवहींतील बहुधा एक ओळ.

ही ओळ आज महत्त्वाची झाली आहे. गडचिरोलीचा गोंड ख्रिस्ती झाला तरी कायद्यानें अनुसूचित जमातीचाच राहतो, कारण तेथें धर्माची अट नाहीं. त्याच्या शेजारच्या महारानें तोच धर्म घेतला, तर १९५० च्या आदेशान्वयें त्याचें अनुसूचित जातींतील स्थान जातें. तो आदेश आरंभीं हिंदूंपुरताच होता. त्यांत १९५६ सालीं शीख आले. डॉ. आंबेडकरांनीं १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच चांद्यांत दीक्षा दिली, पण बौद्धांचा समावेश त्या आदेशांत होण्यास १९९० साल उजाडावें लागलें. ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. कारण सांगतात कीं त्या धर्मांत जात नाहीं. धर्मांत नसेल, गांवांत आहे. पाणवठ्यावर कोणी बाप्तिस्म्याचा दाखला विचारीत नाहीं. ख्रिस्ती मंडळींनींही आपल्या देवळांतील बैठकी व दफनभूमीच्या वांटण्या आठवाव्या. 'आमच्यांत भेद नाहीं' हें त्यांचें पुढारी व्यासपीठावरून सांगतात, तें त्यांच्याच गोरगरिबांच्या अंगाशीं येतें.

१९८५ सालीं सूसै नांवाच्या ख्रिस्ती चर्मकाराच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा पुरावा मागितला कीं, धर्मांतरानंतरही जातीचें दैन्य तितक्याच तीव्रतेनें टिकलें आहे काय. मागणी न्याय्य होती. पुरावा अपुरा पडला. २०२२ सालीं केंद्र सरकारनें माजी सरन्यायाधीश बालकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं याच प्रश्नावर आयोग नेमला. अशा चौकशीपुढें भाषणें चालत नाहींत, कागद चालतात. बापाचें नांव, गांव व धंदा ज्यांत नोंदविला आहे अशा वह्या जुन्या देवळांतून असतात. चांदा व गडचिरोलीकडील पाळकांनीं वाळवी लागण्यापूर्वीं त्यांच्या नकला कराव्या, त्या कुटुंबांची आजची स्थिति त्यांच्या समोर मांडावी, आणि या कामीं हिंदु वकिलांनीं फी न घेतां हात द्यावा, अशी आमची सूचना आहे.