नदी टिप्परला खुली, पोट्ट्यांना बंद काऊन?

नदीत पोट्टा बुडाल्याची बातमी आली की दोन दिवस हळहळ होते, पंचनामा होतो आणि तिसऱ्या दिवशी एकच उपाय सुचतो: पोट्ट्यांना नदीवर जाऊच देऊ नका. फलक लावा, घाटावर बांबू आडवा टाका, मास्तरांना शाळेत दम द्यायला सांगा. झालं काम!

मंडळी, बपेरा नदीकाठचं गाव आहे. पूल ओलांडला की मध्यप्रदेश. आपल्या पोट्ट्यांनी बावनथडीत नाही डुंबायचं तर कुठं डुंबायचं? तुमसरला स्विमिंग पूल शोधत जायचं का?

पोट्टे बुडतात काऊन, हे कोणी मोठ्यानं बोलत नाही. जुन्या लोकांना नदी तोंडपाठ होती. कुठं टोंगळाभर पाणी, कुठं डोह, कुठं ओढ, सगळं माहीत. आता मागच्या वर्षी जिथं टोंगळाभर पाणी होतं तिथं यंदा खड्डा असतो, आणि वरून काही दिसत नाही. हा खड्डा नदीनं पाडलेला नाही. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, रेती जास्तीत जास्त ३ मीटर किंवा पाणी लागेपर्यंत, यांत जे कमी असेल तेवढीच खोदा. १० जून ते ३० सप्टेंबर तर उपसाच बंद. रात्री ट्रॅक्टरच्या आवाजानं ज्यांची झोप मोडते त्यांनी सांगावं, हे किती पाळलं जातं.

मागच्या उन्हाळ्यात मी घरच्या पोरांना घेऊन एका रेतीघाटावर गेलो होतो. आमच्या डोळ्यादेखत टिप्पर आत गेला आणि आम्हाला विचारलं, "काय काम आहे?" भाऊ, नदीवर यायला काम लागते का? बसायचं होतं. पाय बुडवायचे होते. बायांचं तर विचारूच नका, कपड्याचं गाठोडं डोक्यावर असल्याशिवाय त्यांनी काठावर बसलेलं आपल्याला चालत नाही.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले, तलाव शासनाचे. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात साफ सांगितलं की अशा संपत्तीचं सरकार मालक म्हणून नव्हे, लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून राखण करते. आपल्या भागात तर 'निस्तार' हा शब्द म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण गुरं पाजणं, आंघोळ, पोहणं गावानं कोणाला विचारून केलं नाही. तलावाचा ठेका दिला तरी तो माशांचा असतो. पाण्याचा नाही, पाळीचा तर नाहीच. (यात ढिवर बांधवांवर बोट नाही. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि तलाव बुजला तर पहिले तेच मरतात.)

कागदावर खुलं आणि पायाला बंद, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना जावं लागलं. तो अन्याय आणि आपली तक्रार एका मापाची नाही, हे मला कळते. पण पाणवठ्यावरचा हक्क तिथं गेल्याशिवाय टिकत नाही, हे तिथूनच शिकलो आपण.

"उद्या कोणी मेलं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न खरा आहे, टाळत नाही. पॅरिसमध्ये सेन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणं लोकांना खुली केली, जीवरक्षक ठेवून, हद्द आखून. आपल्याला तेवढं नको. एक घाट ठरवा. त्याच्या वर-खाली उपसा पूर्ण बंद. पूर ओसरल्यावर दरवर्षी खोली मोजून दांड्यांवर लाल खूण. एक दोर, हवा भरलेल्या चार ट्यूब, आणि सुटीच्या दिवशी पोहणारे दोन ढिवर मानधनावर. एका जप्त टिप्परच्या दंडात हे सगळं होते.

गोसेखुर्दवर जलपर्यटनाच्या बोटी यायच्या तेव्हा येऊ द्या, तिकीट काढून बसू. गावच्या घाटाला मात्र तिकीट नको आणि बांबूही नको.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी हा विषय लेखी देतोय. अर्ज तयार आहे, सह्या पाहिजेत. लाईक नको.