चोराच्या जामिनाला कोण उभं राहणार?

2019 साली आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईल चोरीच्या केसमध्ये पकडला गेला. परभणीचा पोरगा, दुसऱ्या जिल्ह्यात एका गॅरेजवर कामाला होता. तीन आठवड्यांत जामीन मंजूर झाला. अम्मीने त्याच्या आईला जवळ घेतलं, दोघी रडल्या, आता येईल म्हणाल्या. त्यानंतर पोरगा अडीच महिने आतच होता.

पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. ऐपतीचा दाखला असलेला, आणि वकिलाच्या सांगण्याप्रमाणे त्याच जिल्ह्यातला. भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहणारा पोरगा असा माणूस आणणार कुठून? गॅरेजवाल्याने हात वर केले. आमच्याकडे दोन-तीन जणांचा सातबारा होता, निदान विचारून तरी पाहावं म्हणून अब्बा त्यांच्याकडे गेले. त्यातले एक जण, पाच वक्त नमाजी, भला माणूस, म्हणाले, “चोराच्या जामिनाला कोण उभं राहणार?” अब्बा गप्प घरी आले. मीही गप्प बसले. मी तेव्हा लॉच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मोतीरामचा निकाल मला माहीत नव्हता.

मोतीराम हा मध्य प्रदेशातला गवंडी. सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला, पण खाली मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहिला, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आमच्या गल्लीतल्या पोराच्या एक्केचाळीस वर्षं आधीची ही गोष्ट.

आता मी फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत पॉलिसी ॲनालिस्ट आहे. अम्मी अजून विचारते, “म्हणजे वकीलच ना?” वकील एकाला बाहेर काढतो. त्याच जागी आणखी किती जण अडकले आहेत, कुठल्या नियमातल्या कुठल्या ओळीमुळे, आणि ती ओळ कोण बदलू शकतं, हे शोधणं माझं काम. दिवसातले सहा तास रोजनामे वाचणे आणि एक्सेल भरणे. भाषणं कुणी देत नाही, हारही घालत नाही.

एनसीआरबीच्या अहवालाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. चारातले तीन. 2011 च्या जनगणनेत मुसलमान 14.2 टक्के, तुरुंगातला वाटा मात्र वर्षानुवर्षं त्याहून जास्त. महाराष्ट्रातही हेच चित्र आहे. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी इथल्या तुरुंगांतल्या मुस्लिम बंद्यांचा अभ्यास केला. त्यात भेटलेल्या बहुतेकांचा कुठल्या टोळीशी संबंध नव्हता.

हे आपल्या भाषणांत येतं. पण वर्गणी काढताना, वकील लावताना आपण कुणासाठी उभे राहतो? ‘बेकसूर नौजवानां’साठी. खोट्या दहशतवादाच्या केसमध्ये दहा-पंधरा वर्षं गेलेल्यांसाठी जे लढले त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र त्या लढाईतून एक सवय लागली. कुणी आत गेला की आपला पहिला प्रश्न, बेकसूर आहे का? मोबाईल चोरला असेल, दारूच्या नशेत मारामारी केली असेल, तर त्याचं नाव जुम्म्याच्या गर्दीत कुणी काढत नाही. बदनामी नको. आणि तुरुंगातला आपला जो वाटा आपण भाषणात सांगतो, त्यात अशी पोरं भरपूर आहेत.

जामीन म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. खटला संपेपर्यंत माणूस घरी राहून तारखेला हजर होईल का, साक्षीदारांना त्रास देईल का, असे तिथले प्रश्न असतात. कसूर कुणाचा हे नंतर ठरायचं आहे. माझ्या गल्लीने ते आधीच ठरवून टाकलं होतं, कोर्टाच्याही आधी.

मोजल्याने काय होतं याचं एक उदाहरण देते. 26 नोव्हेंबर 2022 ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गरीब कैद्यांबद्दल बोलल्या. लगेच सुप्रीम कोर्टाने राज्यांकडून माहिती मागवली की जामीन मिळूनही आत असलेले किती? सुमारे 5,000 नावं निघाली आणि त्यातले 1,417 थोड्याच काळात सुटले. नवा कायदा नाही, नवा पुरावा नाही. 31 जानेवारी 2023 ला कोर्टाने नियमच घालून दिला. जामीन मिळाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. आमच्या पोराला हा नियम चार वर्षं उशिरा आला.

उलटंही घडतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 पाहा. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सोडायचं, जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे वगळून. पूर्वी ही मर्यादा निम्मी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच कलमात पुढे लिहिलंय की एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. जुन्या 436अ मध्ये हे नव्हतं. चोरीच्या पोरावर ठाण्यातल्या जुन्या दोन केसेस टाकल्या की दार बंद. असं वाक्य शोधून त्यावर चार पानी टिपण लिहिणारं कुणी लागतं.

हे टिपण फक्त आपल्यासाठी लिहिता येत नाही. सुरुवातीला मी नावावरून मुसलमान मोजत होते. शेख, सय्यद सोपे. मग पाटील, देशमुख आले, जे आपल्यातही आहेत. तडवी आले. मोजणी फसली. पण नावांवर बोट ठेवून वाचताना दिसलं की जामीनदार न मिळालेल्यांच्या यादीत पारधी आहेत, ऊसतोडीला आलेले आहेत, बिहारचे सेंटरिंग कामगार आहेत. जामीनदाराची अट आपल्या एकट्यासाठी बदलणार नाही, सगळ्यांसाठीच बदलावी लागेल. काहींना हे आवडत नाही. मला विचारतात, “तू कौमचं काम करतेस की सगळ्यांचं?”

एक गोष्ट इथल्या मुलामुलींसाठी. दिल्लीतल्या मोठ्या संस्थांकडे पैसा आहे, सॉफ्टवेअर आहे. पण हाताने लिहिलेला मराठी पंचनामा, रिमांडचा कागद, रोजनाम्यातली ‘आरोपी गैरहजर, पोलीस पार्टी नाही’ ही ओळ त्यांना वाचता येत नाही. तुम्हाला येते. उर्दू माध्यमातून आलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं, माझ्या धाकट्या भावालाही जातंय, पण सहा महिन्यांत जमतं. लॉ, संख्याशास्त्र, समाजकार्य, काहीही शिकलेलं चालतं.

आणि नोकरी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. माझ्या जिल्ह्यासाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी टाकते. गेल्या वर्षात जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत न सुटलेले बंदी किती, त्यातल्या किती जणांबद्दल अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवलं, आणि किती प्रकरणांत अट बदलली? तीन प्रश्न, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तुमच्या जिल्ह्याचं नाव घालून तुम्हीही टाका.