पहिल्या लढतीआधी डोक्याचा हिशेब

शहरांतल्या जिममध्ये आता ट्रेडमिलशेजारी पंचिंग बॅगही लटकलेली दिसते. मेरी कोम, लवलिना बोर्गोहाईं, निखत झरीन यांच्या यशामुळे बॉक्सिंग घराघरांत पोहोचले. वजन उतरवायला आलेल्या तिशीतल्या माणसाला काही महिन्यांत प्रशिक्षक विचारतो, 'एखादी लढत खेळणार का?' प्रश्न उत्साहाने विचारलेला असतो आणि उत्तरही बहुधा उत्साहातच दिले जाते. पण बॅगेवर ठोसे मारणे आणि समोरच्याचे ठोसे डोक्यावर घेणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसरा निर्णय घेण्यापूर्वी वैद्यकीय विचार व्हायला हवा आणि बऱ्याचदा नेमका तोच राहून जातो.

बॉक्सिंगचा व्यायाम उत्तमच आहे. दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल, आरशासमोरचे शॅडो बॉक्सिंग, पॅडवरचा सराव यांनी हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढते, तोल सुधारतो, मनही हलके होते. यांपैकी कशातही डोक्याला मार बसत नाही. ज्याला केवळ तंदुरुस्ती हवी आहे, त्याने इथेच थांबावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

ज्याला लढायचेच आहे, त्याने आधी धोका कुठे आहे ते ओळखावे. हौशी लढत साधारणतः ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, म्हणजे एकूण ९ मिनिटांची असते. नवशिक्याला धास्ती असते ती या ९ मिनिटांची. प्रत्यक्षात तिथे पंच असतो, प्रतिस्पर्धी आपल्याच वजनगटातला असतो आणि नियमाप्रमाणे डॉक्टरही हजर असावा लागतो. त्याआधी काही महिने जिममध्ये जे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत चालते, तिथे यातले काहीही नसू शकते. ६५ किलोच्या नवख्यासमोर ८० किलोचा जुना खेळाडू उभा केला जातो. 'मार खाल्ल्याशिवाय शिकणार कसा?' हे वाक्य तर तालमीपासून जिमपर्यंत सगळीकडे ऐकू येते. डोक्यावर बसणाऱ्या ठोशांची बेरीज अशी सरावातच वाढत जाते आणि तिची नोंद कुणीच ठेवत नाही.

आपला मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्यात वळते आणि मऊ मेंदूला पीळ बसतो. त्यातले बारीक चेतातंतू ताणले जातात. यालाच डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. हेडगार्डने भुवई फुटणे, खरचटणे टळते. डोक्याला बसणारा हा पीळ मात्र त्याने नीटसा थांबत नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डविना खेळले. त्या बदलावर आजही मतभेद आहेत. नवशिक्याने हेडगार्ड जरूर घालावे, पण ते आहे म्हणून चार ठोसे जास्त खाऊ नयेत.

दुसरा गैरसमज म्हणजे बेशुद्ध पडलो नाही, तर काही झाले नाही. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, चिडचिड, शब्द न आठवणे, रात्रीची झोप बिघडणे ही त्याची लक्षणे आहेत आणि ती दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतात. मेंदू सावरण्याआधी पुन्हा मार बसला, तर क्वचित, पण जीवघेणी सूज येऊ शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत नॉकआउटनंतर किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद ठेवायला सांगितले आहे. गल्लीतल्या जिममध्ये मात्र तोच मुलगा दोन दिवसांनी पुन्हा रिंगमध्ये उतरला, तर त्याला अडवणारे कोण?

अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८मध्येच बॉक्सरांच्या मेंदूविकाराचे वर्णन केले होते. ते व्यावसायिक खेळाडूंविषयी होते. हौशी खेळाडूंत दीर्घकालीन हानीचा पुरावा तितका ठळक नाही, हेही सांगायला हवे. पण म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही. टाळता येणारे ठोसे टाळणे, हा साधा शहाणपणा आहे.

वजनाचेही तसेच. खालच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम काढणे, हे सर्रास चालते. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत साधारण महिन्याभरात ३ महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच प्रयत्नांत दगावले. पॅरिसमध्ये २०२४मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा तिच्या दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. नवशिक्यापाशी ती फौज नसते. पहिली लढत आपल्या रोजच्या वजनाच्या गटातच खेळावी.

लढतीच्या जागेची चौकशीही आधीच करावी. जुलै २०२२मध्ये बेंगळुरूत किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत डोक्याला मार लागून एका तरुणाचा मृत्यू झाला. तिथे पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, अशी त्याच्या कुटुंबीयांची तक्रार होती. रिंगशेजारी डॉक्टर आणि दारात रुग्णवाहिका नसेल, तर ती लढत खेळू नये. आपले नाव फलकावर झळकले असले तरीही.

तेव्हा लढतीला होकार देण्याआधी प्रशिक्षकाला चार प्रश्न विचारा. माझ्या स्पारिंगची नोंद कोण ठेवतो? जोडीदार वजन आणि अनुभव पाहून निवडता का? मला हादरा बसला, तर किती दिवस सुटी आणि पुन्हा परवानगी कोण देणार? मी तयार नसेन, तर तारीख पुढे जाईल का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्याच्याकडे लढतीची तयारी करू नये.

क्रीडा संघटनांनीही नोंदणीसाठी केवळ शुल्क आणि छायाचित्र घेऊन थांबू नये. जिमला स्पारिंगची लेखी नोंद आणि सक्तीच्या विश्रांतीचा नियम बंधनकारक करावा. त्याला फारसा खर्च नाही. एक वही आणि 'आज नको' म्हणू शकणारा एक माणूस पुरेसा आहे. पहिल्या लढतीत हार-जीत काहीही होवो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खेळाडूला नेहमीसारखे कामावर जाता आले पाहिजे.