लेबलवरचं नाव

दोन सुट्ट्यांच्या मध्ये एखादा कामाचा दिवस आला, की रजा टाकून सलग चार दिवस मोकळे करायचे, ही काही फक्त आपल्याकडचीच पद्धत नाही. फ्रान्समध्ये अशा सुट्टीला ‘पाँ’ म्हणतात, म्हणजे पूल. मे महिन्यातल्या अशाच एका पुलावरून भाचीनं मला पॅरिसबाहेर काढलं. “मावशी, चल, तुला द्राक्षमळे दाखवते!” मी मनात म्हटलं, नाशिकच्या बाजूच्या बाईला द्राक्षमळ्यांचं काय कौतुक सांगते ही!

पण शॅम्पेन हा प्रांत पाहिला आणि गप्प बसले. पॅरिसहून पूर्वेला दीड-दोन तासांवर रँस हे शहर. तिथून एपर्नेपर्यंत टेकड्याच टेकड्या. आपल्यासारखे मांडव नाहीत. कमरेएवढ्या वेली, उतारावर नीट ओळीत. काही ओळींच्या टोकाला गुलाब. भुरीसारखा रोग आधी गुलाबावर दिसायचा आणि शेतकरी सावध व्हायचा, असं सांगतात. तोडणी आजही हातानंच होते, यंत्राला परवानगीच नाही. या प्रांतात, इथल्या नियमांनी बनते तीच खरी शॅम्पेन. फ्रान्समध्ये बाकी कुणी ते नाव लावू शकत नाही.

रँसच्या पोटात खडूच्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत. त्यांतच बाटल्या ठेवतात. बाहेर ऊन आणि आत शाल घ्यावी असा गारठा. पिवळ्या लेबलची एक बाटली पाहून भाचीला विचारलं, “हे ‘व्हव’ म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “विधवा.”

मैत्रिणींनो, मी पुन्हा विचारलं. वाटलं, चुकीचं ऐकलं. जो शब्द आपल्याकडे कुजबुजत उच्चारतात, तो इथे बाटलीवर छापून जगभर विकला जातोय!

ही बाई म्हणजे बार्ब-निकोल क्लिको. १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा वय सत्तावीस, पदरात एक मुलगी. तिनं व्यवसाय चालवायचं ठरवलं, सासऱ्यांनी भांडवल दिलं. चार वर्षं भागीदाराबरोबर काम केलं आणि १८१० पासून स्वतःच्या नावावर सुरुवात केली. युरोपात युद्ध, व्यापार ठप्प. १८१४ मध्ये इतरांच्या आधी तिनं रशियाकडे दहा हजारांवर बाटल्या रवाना केल्या आणि नाव झालं. तेव्हा शॅम्पेनमध्ये गाळ राहायचा, ती गढूळ दिसायची. हिनं टेबलाला भोकं पाडून बाटल्या उलट्या, तिरक्या खोचल्या आणि थोड्या थोड्या फिरवत ठेवल्या. गाळ बुचापाशी जमला, तो काढून टाकला. दही घुसळणाऱ्या, तूप कढवणाऱ्या बाईलाच सुचावी अशी युक्ती!

ती एकटी नव्हती. रँसमध्येच लुईज पोमरी १८५८ मध्ये विधवा झाली आणि तिनं कमी गोड शॅम्पेनची चव लोकांना लावली. एपर्नेजवळ एक गाव आहे, त्याचा उच्चार चक्क ‘आई’! तिथली लिली बोलँजे १९४१ मध्ये विधवा झाली. जर्मनांचा अंमल, पेट्रोल नाही. ती सायकलवरून मळे बघत फिरायची.

एवढ्या विधवाच का? उत्तर ऐकून चर्र झालं. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नव्हता. विधवेला येत होता. नवऱ्याला न विचारता नोकरी करायचा आणि बँकेत खातं उघडायचा हक्क फ्रेंच बायकांना मिळायला १९६५ उजाडलं. म्हणजे हुशारी आधीपासून होतीच. ती दिसायला घरधनी जावा लागला.

आपण त्यांना हसायचं कारण नाही. विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं केला, तो २०२२ मध्ये. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, अनेकांनी बायकोच्या नावावर जमीन केली. तरीही कितीतरी घरांत बाईचं नाव सातबाऱ्यावर लागतं ते वारस म्हणून, नवरा गेल्यावरच.

परतताना गाडी चालवता चालवता भाचीनं सहज विचारलं, “मावशी, तुमच्या शेताच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे?” पुढचा टोलनाका येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर मात्र यांना विचारलंच. हे म्हणाले, “अगं, सगळं तुझंच तर आहे!” हे वाक्य तुमच्याही घरात असेलच. तीस वर्षं मी ते ऐकून सुखावत आले. या वेळी पहिल्यांदा म्हटलं, “माझंच आहे ना? मग तसं कागदावर लिहायला काय हरकत आहे?”

सातबारा आता मोबाइलवरही दिसतो. या रविवारी भाजी निवडून झाली, की एकदा उघडून बघाच. आणि नाव नसेल, तर विचारा. हसतहसत विचारा, पण विचारा.