मोजमाप कोणासाठी?

हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागाची ओळख आजवर त्यागराय गानसभा, तेथील मध्यवर्ती ग्रंथालय आणि लगतच्या आरटीसी चौकातील चित्रपटगृहे यांमुळे होती. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्रीनंतर चिक्कडपल्ली पोलीस ठाण्याचे नाव देशभर गाजले ते निराळ्याच कारणाने. चौकातील संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा २’ या चित्रपटाचा प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीचा खास खेळ होता. चित्रपटाचा नायक स्वतः तेथे आला, दाराशी लोंढा उसळला आणि कुटुंबासह खेळ पाहावयास आलेली एक माता चेंगराचेंगरीत प्राणास मुकली. तिच्या लहान मुलास पुढे कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. यात कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही.

आमचे लक्ष वेधले ते नंतरच्या एका गोष्टीने. त्याच महिन्यात पोलिसांनी तेथील कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये जोडून वार्ताहरांस दाखविली. यंत्रांचे डोळे त्या रात्री उघडे होते आणि त्यांनी पुष्कळ काही पाहिले होते, हे त्यावरून उघड झाले. परंतु त्या पाहण्याने गर्दी थोपली नाही. त्याचा उपयोग झाला तो तपासाला.

उद्योगधंद्यांत संवेदक, म्हणजे ज्यांना कारखान्यांत सरसकट सेन्सर म्हणतात ती उपकरणे, आणि ती एकमेकांस जोडणारी जाळी यांचा सध्या मोठा गाजावाजा चालू आहे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? याच हैदराबादेत आयआयआयटी या संस्थेच्या आवारात पाणी, हवा आणि वीज यांचे अखंड मोजमाप करणारे जाळे उभे आहे. आपल्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घ्यावयाचे तर निर्यातीच्या कोळंबीचे घ्यावे. गोठविलेला माल उणे १८ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून शीतपेटीत तापमापक बसविलेला असतो. तो वाटभर नोंदी ठेवतो आणि पारा चढलेला दिसला की परदेशचा ग्राहक माल नाकारू शकतो. त्या कोळंबीची काळजी वाहण्यात कोणी हयगय करीत नाही, कारण हयगयीची किंमत कोणाला मोजावी लागेल हे आधीच ठरलेले असते.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणाची मेख येथे आहे. यंत्र काय मोजते हे यंत्र ठरवीत नाही; मोजमापाचा जाब विचारणारा ठरवितो. चित्रपटगृहातील प्रत्येक खुर्ची विकली गेली की नाही हे संगणकाला त्या क्षणी कळते, कारण त्या खुर्चीचे पैसे वितरकापासून करखात्यापर्यंत अनेकांना हवे असतात. दारातून आत किती माणसे शिरली आणि बाहेर किती खोळंबली हे मोजणारी उपकरणेही बाजारात आहेत. दोन खांबांमधील अदृश्य किरण तुटला की ती एक माणूस धरतात. मॉलचे व्यवस्थापक ती आवडीने बसवितात, कारण किती लोक आले त्यावर गाळ्याचे भाडे ठरविता येते. सुरक्षिततेसाठी मात्र हाच आकडा मागणारा कोणी नाही.

हैदराबाद दूरचे म्हणून ज्यांना हायसे वाटत असेल त्यांनी आपले हडफडे आठवावे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तेथील ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या नाइट क्लबास आग लागून २५ माणसे मेली. त्यांत बहुतेक तेथेच राबणारे कामगार होते. पोटासाठी परप्रांतांतून आलेले, स्वयंपाकघराच्या आणि तळघराच्या बाजूला अडकून धुराने गुदमरलेले. अशा धंद्यांत आज पेल्यापेल्याचा हिशेब यंत्रावर असतो. गल्ल्यावर कॅमेरा रोखलेला असतो आणि वाढपी किती वेळ बसून राहिला हेही मालकाला घरबसल्या दिसू शकते. तळघरात किती माणसे आहेत आणि तेथे धूर शिरला आहे काय, हे मात्र अग्निशमन केंद्राला आपोआप कळण्याची सोय किती ठिकाणी आहे, याची झडती सरकारने घ्यावी. ज्या जागी माल आहे तेथे यंत्र लागते, ज्या जागी मजूर आहे तेथे लागत नाही, अशी ही विभागणी आहे. तिला तंत्रज्ञानाचा अभाव म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

केवळ उपकरणे बसवून भागते असेही नव्हे. विशाखापट्टणच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातून ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन वायू सुटला आणि १२ जण दगावले. आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने जे नोंदविले ते कोणत्याही व्यवस्थापकाने मुळातून वाचण्याजोगे आहे. टाकीचे तापमान मोजले जात होते, पण ते केवळ तळाशी. मधला आणि वरचा थर किती तापला हे कळण्याची सोयच नव्हती. भोंगा वाजविण्याची बटणे कारखान्यात जागोजागी होती. ती कोणी दाबली नाहीत. खालच्या थराचा आकडा ठीक दिसतो म्हणून निर्धास्त राहणे ही चूक एकवेळ अज्ञानाची म्हणता येईल. हाताशी असलेले बटण न दाबणे ही निराळी गोष्ट आहे. खोटा इशारा दिला तर मलाच धारेवर धरतील, या भयाने अनेक कारखान्यांतील कामगार असे बटण दाबण्यास कचरतात. ते भय कोणताही संवेदक दूर करू शकत नाही. आपल्याकडील बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया वापरला जातो, तेव्हा हे आपल्या दाराशीच आहे.

चांगला नमुना हवा असेल तर तो मच्छीमारांच्या होडीवर सापडेल. एक लाख होड्यांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा शुभारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. इस्रोने सिद्ध केलेले हे यंत्र होडी कोठे आहे ते किनाऱ्यास कळविते; आणि किनाऱ्याचा वादळाचा इशारा होडीवरच्या माणसालाही पोहोचविते. संकटात सापडला तर तो हाक देऊ शकतो. आपल्यावर पाळत ठेवली जाईल ही मच्छीमारांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, पण येथे निदान दोन्ही बाजूंना बोलता येते.

खर्च परवडत नाही ही तक्रार खेड्यातल्या एखाद्या टपरीवाल्याने केली तर ती आम्ही समजू शकतो. लक्षावधी रुपयांची ध्वनियंत्रणा लावणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही. शेकडो लोक जेथे जमतात त्या प्रत्येक क्लबाच्या, चित्रपटगृहाच्या आणि सभागृहाच्या दारावर आत किती माणसे आहेत आणि किती मावतात हे दोन आकडे रस्त्यावरून दिसावेत. धुराचा इशारा मालकाच्या भ्रमणध्वनीवर जाण्याआधी अग्निशमन केंद्रात जावा. दार बंद करण्याचा अधिकार द्वारपालास लेखी असावा, भोंगा वाजविणाऱ्या नोकरास त्याबद्दल कामावरून काढता येऊ नये आणि यंत्रातील नोंदी मालकास पुसता येणार नाहीत अशा जागी राहाव्यात. परवाना देणारे हात सरकारचे आहेत. ऑक्टोबरात पर्यटनाचा हंगाम उघडतो; या अटी त्यापूर्वी परवान्यात आल्या की नाहीत याची चौकशी आम्ही त्या महिन्यात पुन्हा करणार आहोत.