चार दिवसांची आई

विद्यार्थी मित्रांनो, एक आई पिल्लाला जन्म देते, चार दिवस दूध पाजते आणि मग त्याला बर्फावर एकटे सोडून समुद्रात निघून जाते. पुन्हा ती त्याच्याकडे फिरकत नाही. ही आई चांगली की वाईट? वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक हात ‘वाईट’ म्हणून वर होतील. माझे म्हणणे असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे.

ही आई म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरातील हूडेड सील. ग्रीनलंड आणि न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात मार्चच्या सुमारास तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवर तिची वीण होते. एका वेळी पिल्लू एकच. बोवेन, ऑफ्टेडल आणि बोनेस या शास्त्रज्ञांनी १९८५ साली या पिल्लांच्या वाढीची मोजमापे प्रसिद्ध केली. जन्मताना सुमारे २२ किलोंचे असलेले पिल्लू चौथ्या दिवशी ४० किलोंच्या पुढे जाते! माणसाच्या बाळाला वजन दुप्पट करायला चारपाच महिने लागतात, हे आठवून पाहा. कोणत्याही सस्तन प्राण्यात स्तन्यपानाचा इतका थोडा काळ आढळलेला नाही.

हे घडते कसे? गाईच्या दुधात चारेक टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास. या सीलच्या दुधात तो सुमारे ६० टक्के असतो. हे दूध आई आपल्या अंगातल्या चरबीच्या साठ्यातून तयार करते. पिल्लू फारशी हालचाल करीत नाही, त्यामुळे पोटात गेलेल्या दुधाचा बराचसा भाग त्याच्या कातडीखाली चरबी म्हणून साठतो. शिवाय आईने काही खर्च आधीच करून ठेवलेला असतो. इतर अनेक सीलांची पिल्ले मऊ लोकरीत जन्मतात. हूडेड सीलचे पिल्लू मात्र ती लोकर गर्भाशयातच टाकते आणि चरबीचा थर घेऊनच जगात येते. आई गेल्यावर काही आठवडे ते याच शिदोरीवर जगते आणि हळूहळू स्वतः भक्ष्य पकडू लागते.

आता घाई का, ते पाहू. ज्या लादीवर पिल्लू जन्मले, ती जमीन नव्हे. एखाद्या वादळाने ती फुटते, माय-लेकरांची ताटातूट होते. अशा ठिकाणी महिनाभर दूध पाजायचे ठरवणे म्हणजे भरतीच्या तोंडावर वाळूत घर बांधणे. अर्थात, सील मादी काही बसून ठरवीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माद्यांनी लौकर आणि भरपूर दिले, त्यांची पिल्ले अधिक जगली व तोच गुण पुढे चालत आला. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. वॉलरसही उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातलाच. पण त्याचे पिल्लू दोन वर्षे किंवा अधिक काळ आईबरोबर राहते. ते लहानपणापासून पोहू शकते, त्यामुळे लादी फुटली तरी ते आईबरोबर पाण्यात उतरते. समुद्रतळावरचे शिंपले शोधून खाण्याची विद्या शिकायलाही त्याला वेळ मिळतो. मग वॉलरस ‘प्रेमळ’ आणि हूडेड सील ‘निर्दय’ असे म्हणायचे का? एकीने थोड्या दिवसांत भरभरून दिले, दुसरीने पुष्कळ दिवस पुरवून पुरवून दिले. नुसते दिवस मोजले, तर दोघींवरही अन्याय होतो.

हा हिशेब नुसत्या नवलाचा नाही. प्राणी वाचवायचे असतील, तर तो यावाच लागतो. आपल्याच देशात कच्छचे आखात आणि तमिळनाडूजवळची पाल्कची सामुद्रधुनी येथे ड्यूगाँग, म्हणजे समुद्रगाय, आढळते. ती एका वेळी एकच पिल्लू देते, सुमारे दीड वर्ष पाजते आणि दोन विणींमध्ये तीन ते सात वर्षांचे अंतर असते. अशी एक मादी मासेमारीच्या जाळ्यात गुदमरून मेली, तर ती जागा भरून यायला किती वर्षे लागतील, याचा विचार करा. हूडेड सीलचे संकट निराळे. तिची सगळी घडी तरंगत्या बर्फावर बसलेली आहे. पृथ्वी तापत असताना तो बर्फच कमी झाला, तर चार दिवसांची आई ते चार दिवस कोठे काढणार? संरक्षणाचा एकच उपाय दोघींना कसा लागू पडेल?

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्राण्यांचे संगोपन शिकवताना ‘ममताळू’ आणि ‘निष्ठुर’ असे शिक्के मारणे सोडून द्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तीन प्रश्न विचारीत जा: या आईने किती दिले? किती दिवसांत दिले? कोणत्या जागी दिले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की चांगली-वाईट ठरवण्याची गरजच उरत नाही.